नाव नसलेला डोंगर

या सदरातून आपण बहुधा शब्दांविषयी, ग्रंथांविषयी आणि शाळेच्या चार भिंतींआड घडणाऱ्या गोष्टींविषयी बोलत असतो. या खेपेस वाचकांना जरा दूर, सिंगरौलीच्या बाजूला घेऊन जावे म्हणतो. अंतर पुष्कळ असले तरी तो मुलूख आपल्याला अगदीच परका नाही. संध्याकाळी आपण देवापाशी निरांजन लावतो ते तुपाचे. पण त्याच वेळी बटण दाबून जो दिवा लावतो, त्याच्या प्रकाशाचा काही अंश तिकडच्या कोळशाचा असतो. तेथील विंध्याचल औष्णिक विद्युत् केंद्राची क्षमता ४,७६० मेगावॅट असून त्याची वीज मध्य प्रदेशाबरोबरच महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा या राज्यांनाही जाते. म्हणजे इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, पणजी अशा ठिकाणी विखुरलेली आपली घरे थोड्याफार प्रमाणात त्या जमिनीची ऋणको आहेत. ज्याचे देणे आहे त्याची विचारपूस करावी, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. आजचा लेख त्या रिवाजाला धरून.

नोकरीच्या आरंभीच्या काळात माझी नेमणूक त्या भागातील एका सरकारी शाळेत झाली होती. तेव्हा तो प्रदेश सीधी जिल्ह्यात मोडत असे. सिंगरौली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो २००८ साली. शाळेच्या मागे, दोन शेते ओलांडली की, एक उंच करडा डोंगर उभा होता. त्यावर ना झाड, ना झुडूप. एकदा भूगोलाच्या तासाला मी मुलांना गावाचा नकाशा काढावयास सांगितला. नदी झाली, रस्ता झाला, शाळा झाली. तेवढ्यात एका मुलाने विचारले, ‘‘माट्साब, या डोंगराचं नाव काय लिहू?’’

मला उत्तर देता येईना. मी माळव्यातला, आमच्याकडे टेकाड असले तरी त्याला नाव असते, वर एखादी देवी असते, तिची जत्रा असते. मी वर्गाला विचारले. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी मागच्या बाकावरून उत्तर आले, ‘‘ओबी!’’ आणि वर्ग हसला.

‘ओबी’ हा तिकडच्या बोलीत रुळलेला शब्द. मूळ इंग्रजी शब्द ‘ओव्हरबर्डन’, म्हणजे वरचे ओझे. कोळशाचा थर जमिनीच्या पोटात असतो. त्यावरची माती, मुरूम, वालुकाश्म, त्यावर उभे असलेले रान, शेत आणि घर, हे सारे खाणीच्या हिशेबात ओझे. सिंगरौलीच्या उघड्या खाणींत एक टन कोळसा हाती यावयाचा तर साधारणपणे तीन-चार घनमीटर ओझे उपसावे लागते. सुरुंगाने फोडलेला खडक फुगतो. अखंड असताना जेवढी जागा व्यापत होता तेवढीत तो पुन्हा मावत नाही. शिवाय खाण नवी असताना तो टाकायला खड्ड्यात जागाही नसते. मग तो बाहेर, शेजारच्या जमिनीवर रचला जातो. अशा रीतीने एका गावाच्या शेतांची दरी होते आणि दुसऱ्या गावाच्या शेतांवर डोंगर उभा राहतो.

त्या वर्षी पावसाळ्यात एका रात्री जोराची सर आली. सकाळी पाहतो तो शाळेच्या पटांगणात वीतभर करडा चिखल येऊन बसलेला. कोणाला इजा झाली नाही. मुलांनी उलट त्यात खेळून घेतले. मला मात्र त्या दिवशी शिकविणे सुचेना. मला सारखे ॲबरफॅन आठवत होते.

ॲबरफॅन हे वेल्समधील खाणकामगारांचे गाव. २१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार, सकाळचे सव्वानऊ. पँटग्लास शाळेतील मुले नुकतीच आपापल्या वर्गांत बसली होती. त्याच दुपारपासून सहामाहीची सुट्टी लागावयाची होती. गावावरच्या डोंगरउतारावर खाणीतील टाकाऊ मालाचे ढीग होते. त्यांतला सातव्या क्रमांकाचा ढीग १९५८ पासून रचला जात होता, आणि तो रचला होता एका झऱ्यावर. पाणी आतून मुरत राहिले, ढीग तळापासून भिजून सैल झाला आणि एकाएकी पातळ होऊन गावावर धावून आला. एकंदर १४४ माणसे गेली. त्यांत ११६ मुले होती. शाळेच्या मुख्याध्यापिकाही गेल्या.

हा अपघात कोणाच्या ध्यानीमनी नव्हता, असे नाही. १९६३ साली तेथल्या नगर-अभियंत्याने शाळेमागच्या या धोक्याविषयी पत्र लिहिले होते. १९६५ च्या आरंभी दोन मातांनी शाळेभोवती साचणाऱ्या पाण्याविषयीचे तक्रारीचे निवेदन मुख्याध्यापिकेमार्फत दिले होते. चौकशी झाली, १९६७ साली अहवाल आला आणि दोष राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला गेला. पण त्यापुढची गोष्ट मला अधिक बोचते. गावाच्या डोक्यावर उरलेले ढीग हलविण्याच्या खर्चासाठी, मृतांच्या आप्तांकरिता लोकांनी जमविलेल्या निधीतूनच दीड लाख पौंड घेण्यात आले. ती रक्कम परत मिळाली १९९७ साली, तीही व्याजाविना. ओझे ज्यांनी रचले त्यांनी ते उतरविले नाही. ज्यांच्यावर ते कोसळले त्यांनाच त्याची मजुरी भरावी लागली.

आपल्याकडेही हे घडले आहे. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडच्या गोड्डा जिल्ह्यातील राजमहल खाणीत ओझ्याचा प्रचंड ढीग घसरला आणि २३ कामगार त्याखाली गेले. म्हणून ‘खाणीने बिघडविलेली जमीन सुधारणे’ हा विषय निघाला की लोक लगेच झाडांविषयी बोलू लागतात, तेव्हा मी त्यांना थांबवितो. झाड ही पुढची गोष्ट. पहिला प्रश्न असा की, ही जमीन उभी राहते काय?

भाषेच्या माणसाला येथे एक गोष्ट सहज आठवते. धरा, धरणी, धरित्री हे तिन्ही शब्द ‘धृ’ या एकाच धातूपासून आले आहेत. जी धारण करते, धरून ठेवते, ती धरा. खाणीतून उपसून टाकलेला ढीग या अर्थाने धरा नव्हेच. तो पाणी धरीत नाही, मूळ धरीत नाही, आणि स्वतःचे स्वतःलाही धरून ठेवीत नाही.

खळ्यात धान्याची रास ओतली की ती एका ठराविक उतारावर थांबते. तसाच मोकळा टाकलेला खडकमातीचा ढीग साधारण ३७ अंशांच्या उतारावर थांबतो. पण थांबणे म्हणजे स्थिरावणे नव्हे. एखादा मोठा पाऊस त्याला पुन्हा हलवू शकतो. म्हणून ढीग एकसंध न ठेवता त्याच्या पायऱ्या पाडतात. एकेक टप्पा तीस मीटरपर्यंत, त्यानंतर रुंद सपाटी, मग वरचा टप्पा. आणि सगळ्या ढिगाचा एकूण उतार २८ अंशांहून अधिक असू नये, अशी अट पर्यावरण-मंजुरी देताना घातली जाते. सपाटीला आतल्या बाजूस किंचित कल देतात, म्हणजे पावसाचे पाणी कडेवरून न कोसळता आतल्या चरीत उतरते. पायथ्याशी दगडी भिंत. ढिगाभोवती, गळ्यातल्या हारासारखी, चर. आणि ती चर जेथे संपते तेथे गाळ बसण्यासाठी तळे. झऱ्यावर किंवा ओढ्यावर ढीग रचावयाचा नाही, हा तर ॲबरफॅनने शिकविलेला पहिलाच धडा. यातले काहीही अवघड शास्त्र नाही. आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला बांध, ताल आणि चर कळतात. अवघड असते ते ही कामे पावसाळ्यापूर्वी आणि न चुकता करणे.

गेल्या हिवाळ्यात कितीतरी वर्षांनी मी तिकडे गेलो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या पुतणीचे लग्न होते. आता चाळिशीला आलेला हा विद्यार्थी तिकडच्या एका रोपवाटिकेत रोजंदारीवर काम करतो. शाळेमागचा डोंगर पाहिला आणि मी चकित झालो. तो हिरवा झाला होता! पायऱ्या पाडल्या होत्या, पायथ्याला भिंत होती, आणि वरपर्यंत झाडेच झाडे. मी मोठ्या आनंदाने म्हणालो, ‘‘अरे, हे तर रान झालं!’’

तो हसला. म्हणाला, ‘‘माट्साब, जवळ जाऊन बघा.’’

आम्ही चढून गेलो. झाडे होती, पण बहुतेक एकाच जातीची, ऑस्ट्रेलियन बाभळीची, आणि ओळीने कवाइतीला उभी केल्यासारखी. खाली तिच्या वाळलेल्या, चिवट पानांचा थर. पाय मारून पाहिला. त्याखाली थेट खडक आणि खडे. गवताची काडी नाही. पक्षी फारसा नाही. तो म्हणाला, ‘‘हे झाड गुरं खात नाहीत, म्हणून जगतं, भराभर वाढतं, म्हणून लावतात. दर वर्षी झाडं मोजायला साहेब येतात. गवत मोजायला कधी कोणी आलेलं मी बघितलं नाही.’’

वाचकहो, त्याच्या या एका वाक्यात सारा विषय आला आहे. दुरून, अथवा उपग्रहाच्या छायाचित्रात, हिरवा रंग दिसतो. पण हिरवा रंग म्हणजे जमीन नव्हे. आपला दुसरा प्रश्न येथून सुरू होतो. उभी राहिलेली ही जमीन जिवंत आहे काय?

माती म्हणजे नुसता खडकाचा भुगा नव्हे. तीत कुजलेला पाला असतो, पाणी धरणारे सूक्ष्म कण असतात, आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात. हा वरचा वीत-दोन वीत थर तयार व्हावयास शतके लागतात आणि यंत्राच्या एका फावड्यात तो नाहीसा होतो. खाण खणताना सर्वांत आधी हाच थर निघतो; तो निराळा राखून ठेवला नाही तर ढिगाच्या तळाशी सर्वांत आधी हाच जातो, आणि सर्वांत खोलवरचा निर्जीव खडक सर्वांत वर येतो. जग असे शब्दशः उलटे होते. म्हणून नियम असा की, वरची माती वेगळी काढावी, तिचे बुटके ढीग करावेत आणि शक्य तितक्या लवकर ती तयार झालेल्या उतारावर पसरावी. उंच ढिगात वर्षानुवर्षे दाबून ठेवली तर तीही आतल्या आत मरते.

जेथे ही माती गमावली आहे तेथे काय करावे, याचेही उत्तर आपल्याच लोकांनी शोधले आहे. बनारस हिंदू विद्यापीठातील जे. एस. सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंगरौलीच्या निरनिराळ्या वयांच्या ढिगांचा अनेक वर्षे अभ्यास केला. निसर्गावर सोपविले तर हे ढीग भरून येतात, पण फार सावकाश. योग्य झाडे लावली तर ती गती वाढते, असे त्यांना आढळले. शिरीषासारखी शेंगवर्गीय झाडे हवेतील नत्र मुळांच्या गाठींत साठवून जमिनीला देतात. मात्र शेंगवर्गीय म्हणून सगळीच सारखी उपकारक नसतात, आणि शेंगवर्गीय नसलेला आपला साधा बांबूही तेथे चांगला जम धरतो, हेही त्यांनी दाखविले. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेतील शास्त्रज्ञांनी नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगांवर साखर कारखान्यातला प्रेसमड घातला आणि रोपांच्या मुळांशी उपयुक्त बुरशी व नत्र देणारे जिवाणू सोडले. हीच रीत कोळशाच्या ढिगांवरही योजता येते. आपल्या घरांतील गृहिणींना हे चटकन समजेल. नुसत्या दुधाचे दही होत नाही. चमचाभर विरजण लागते. मेलेल्या खडकाला जिवंत मातीचे विरजण लागते.

आणि विरजण लावल्यावरही क्रम मोडून चालत नाही. आधी गवत हवे. अंजन, दीनानाथ, मुंज यांसारख्या गवतांची तंतुमुळे पहिल्याच पावसाळ्यात वरची कातडी शिवून टाकतात. झाडाच्या एकट्या सोटमुळाला ते जमत नाही. गवत कुजते, थोडी माती होते. मग शेंगवर्गीय झुडपे. मग शिरीष, शिसव, करंज, खैर, बांबू. आणि पुढे, सावली आणि ओल झाल्यावर, आवळा आणि मोह. हे वर्षा-दोन वर्षांचे काम नव्हे. पण शाळेत आम्ही तरी काय करतो? बाराखडी न शिकविता निबंध लिहून घेतला तर तो पाठ केलेला निघतो. ओळीने लावलेली ती एकजात बाभूळ हा मला असाच पाठ केलेला निबंध वाटला.

गवताचे हे माहात्म्य आता सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आहे. ८ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने आदेश दिला की, खाणकाम संपल्यावर पट्टेदाराने स्वखर्चाने त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चारा, वनस्पती आणि प्राणी यांना योग्य करावी. त्याआधी २००९ साली कोळसा मंत्रालयाने खाण बंद करण्याच्या योजनेविषयी नियम केले होते. त्यांनुसार उघड्या खाणीसाठी, त्या वर्षीच्या भावाने, हेक्टरी सहा लाख रुपये या हिशेबाने रक्कम वेगळ्या खात्यात वर्षावर्षाला भरावयाची, आणि काम झाले की टप्प्याटप्प्याने ती परत मिळावयाची. अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने खाण सुरू होण्यापूर्वीच अनामत घेतली जाते आणि जमीन पूर्वीच्या उपयोगास योग्य झाल्यावाचून ती सुटत नाही. तत्त्व दोन्हीकडे एकच: ओझे उतरविण्याची मजुरी ओझे रचणाऱ्याने, आणि आगाऊ द्यावी. ॲबरफॅनच्या आईबापांना जे भोगावे लागले ते पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये. प्रश्न उरतो तो मोजणाऱ्याच्या नजरेचा. मोजणारा रंग मोजतो की माती, यावर सारे अवलंबून आहे.

संध्याकाळी लग्नघरी माझ्या विद्यार्थ्याचे वृद्ध वडील अंगणात भेटले. त्यांनी मला खाणीच्या कडेपर्यंत नेले. समोर मोठी दरी, तळाशी मुंग्यांएवढे दिसणारे डंपर. त्यांनी काठी उचलली आणि त्या दरीच्या मधोमध, रिकाम्या हवेत रोखली. म्हणाले, ‘‘तिथं आमचं शेत होतं, माट्साब. तिथं. कोदो व्हायचा, तूर व्हायची.’’ मी त्या हवेकडे पाहत राहिलो. काय बोलणार? थोड्या वेळाने तेच म्हणाले, ‘‘आता म्हणतात, जमीन सुधारून परत करणार. परत म्हणजे कोणाला?’’

हा तिसरा प्रश्न, आणि तिन्हींत कठीण. तिकडची पुष्कळशी जमीन १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र संपादन कायद्याखाली घेतलेली आहे. घेण्याची रीत त्या कायद्यात तपशिलाने आहे. सुधारलेली जमीन मूळ मालकास परत देण्याची त्यात नाही. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कोळसा काढून झालेल्या अशा जमिनींच्या वापराविषयी धोरण ठरविले. ती कोळसा व ऊर्जा यांच्याशी संबंधित प्रकल्पांना भाड्याने देता येईल, पण मालकी सरकारी कंपनीकडेच राहील, असे त्यात आहे. देशाची गरज मी नाकारीत नाही. मीही त्याच विजेखाली हा लेख लिहीत आहे. पण मालकी नाही तर नाही, निदान चराई, गवताची कापणी, आवळा-मोहाची वेचणी, तळ्यातली मासळी यांवर तरी पायथ्याच्या गावांचा हक्क का नसावा? छत्तीसगढमध्ये सूरजपूर जिल्ह्यात केनापारा येथे सोडून दिलेल्या खाणीच्या खड्ड्यात तलाव झाला आहे आणि बचतगटाच्या महिला तेथे मत्स्यपालन व नौकाविहार चालवितात. म्हणजे हे अशक्य नाही. शिवाय ज्याला त्या उताराचा उपयोग आहे, तोच त्याची चर बुजली तर पहिल्याने आरडाओरड करील. हक्कदार राखणदारासारखा राखणदार नाही.

निघताना मी माझ्या विद्यार्थ्याला विचारले, ‘‘काय रे, या डोंगराला आता नाव पडलं का?’’

‘‘नाही माट्साब, अजून ओबीच म्हणतात. पण मागच्या बाजूला एक उतार आहे. तिथं आम्ही दोघा-तिघांनी साहेबांना विचारून तीन वर्षांपूर्वी नुसतं गवताचं बी टाकलं, वर ओढ्याकाठची टोपलीभर माती आणि शेणखत. कागदावर ते कुठंच नाही. यंदा बायका तिथून भारे आणतात.’’

अंधार पडू लागला होता, तरी मी तो उतार पाहावयाचा हट्ट धरला. गवत गुडघ्यापर्यंत आले होते. मधून शिसवाची चार-दोन रोपे, कोणी न लावलेली, वर डोकावत होती. मी वाकून गवताचा एक झुपका ओढला. तो सहजी निघाला नाही. निघाला तेव्हा मुळांना चिमूटभर काळसर माती चिकटलेली होती. मी ती कागदात बांधून घरी आणली.

ती पुडी आता शाळेत माझ्या टेबलावर आहे. मुले विचारतात, सर, यात काय आहे? मी सांगतो, एका डोंगराची पहिली माती. त्याचे नाव विचारले की मात्र मला अजूनही गप्प बसावे लागते. ज्या दिवशी पायथ्याची गुरे त्या उतारावर आपणहून चढतील, आणि हाका मारून त्यांना परत बोलाविणारा गुराखी त्या जागेला काहीतरी नाव देईल, त्या दिवशी ती जमीन परत मिळाली असे मी समजेन.